फुलीची टायपिन

पुलगावच्या बाजारात सोनार पाच-सहा असतील. मंगळसूत्र कोणीही करून देईल, अंगठी कोणीही करून देईल. पण टायपिन म्हटलं की सगळे कैलासच्या दुकानाकडं बोट दाखवतात. दुकान तरी काय, एक काचेचं कपाट, एक गादी, एक पंखा आणि कैलासची जीभ. ही जीभ सकाळी दहाला दुकानाबरोबर उघडायची आणि शटर पडलं तरी पुरती बंद व्हायची नाही.

टायपिनचा नाद मूळचा त्याच्या वडिलांचा, अण्णाजींचा. सूतगिरणी जोरात होती तेव्हा तिथले साहेब लोक टाय बांधायचे, आणि पंख्याच्या वाऱ्यानं टायचं टोक उडून चहात बुडायचं. अण्णाजींनी एकाला चांदीची पिन करून दिली, ती दुसऱ्यानं पाहिली, आणि मग रीघच लागली. साहेब गेले, अण्णाजी गेले, पण पिना राहिल्या. आता नवरदेव येतात, विम्याचे एजंट येतात, शाळेचे हेडमास्तर येतात. बाजारात चायनाच्या क्लिपा ढिगानं मिळतात. कैलासला त्यांचा भयंकर राग.

"क्लिप म्हणजे काय, चिमटा! चिमट्याचा काय भरोसा? आज धरला, उद्या सुटला. पिन कशी आरपार जाते, मागून पकड बसते. पडून दाखव म्हणा तिले!" हे तो गिऱ्हाइकाला सांगायचा, गिऱ्हाईक नसलं की शेजारच्या कापडवाल्याला सांगायचा, आणि कापडवाला उठून गेला की बायकोला.

नुसता बोलून थांबला असता तर कैलास कसला! त्याच्या हातची प्रत्येक पिन गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आधी परीक्षेला बसायची. दुकानात खिळ्यावर एक मरून रंगाचा टाय टांगलेला असायचा. त्याची गाठ कोण्या गिऱ्हाइकानं अकरा वर्षांपूर्वी बांधून दिलेली. कैलासला गाठ बांधता येत नाही, म्हणून ती कधी सोडलीच नाही. तो टाय गळ्यात अडकवायचा, अर्ध्या बाहीच्या बुशशर्टावर पिन लावायची, आणि स्कूटर काढून रोहणा गावापर्यंत जाऊन यायचं. रस्ता असा की पोटातलं पाणीसुद्धा हललं पाहिजे. त्यात पिन टिकली तर पास, ढिली पडली तर पुन्हा ऐरणीवर. पिनला शर्टाच्या काजात अडकवायची बारीक साखळी असते, ती तो मुद्दाम नंतर जोडायचा. आधी पकड एकटीनं टिकली पाहिजे, हा त्याचा कायदा.

टाय लावून स्कूटरवर निघालेला कैलास दिसला की बाजार खूश. "काय साहेब, इन्स्पेक्शनले निघाले का?" पानवाला ओरडायचा. "हाव, तुह्या चुन्याचं इन्स्पेक्शन करतो आल्यावर!" कैलास मागे न पाहता सांगायचा.

तर अशा या माणसाकडे आठ दिवसांपूर्वी लक्ष्मणराव आले. नाचणगावचे शेतकरी, मोजकं बोलणारे. सोबत त्यांची मुलगी आकांक्षा. पोरगी रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागली होती. काळा कोट, पांढरा शर्ट, टाय, असा सगळा थाट. भुसावळला हजर व्हायचं होतं. लक्ष्मणरावांनी खिशातून कागदाची पुडी काढली, कैलाससमोर उघडली. आत सोन्याची फुली होती, सात लाल खड्यांची, बायका नाकात घालतात तशी.

"आकांक्षाच्या मायची हाये," लक्ष्मणराव म्हणाले. त्यांच्या बायकोला, जिजाबाईंना, जाऊन दोन वर्षं झाली होती, हे कैलासला ठाऊक होतं. "पोरगी नाक टोचत नाई. मी म्हटलं, नाकात नाई तं टायले लावू. मायचं काहीतरी अंगावर राह्यलं पाह्यजे."

आकांक्षा लगेच म्हणाली, "काका, मी बाबाले सांगून सांगून थकली. गर्दीत धक्काबुक्की होते, चढा-उतरायचं राह्यते. हे पडली तं मी काय करू? आईची एकच वस्तू हाये घरात. कपाटात राहू द्या म्हटलं तं ऐकतच नाई."

आता इथं दुसरा सोनार असता तर म्हणाला असता, पोरगी बरोबर बोलते. पण हा पडला कैलास. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"पडन? माह्या हातची? पोरी, तू गाडीतून पडशीन पण पिन नाई पडनार. माही जबाबदारी. मी रोहण्याले फिरवून आणीन, मगच तुह्या हातात देईन. जरा ढिली वाटली तं घेऊच नको, जशीच्या तशी कपाटात ठेव."

"बरं, तुमच्यावर सोडलं," आकांक्षा म्हणाली. पण तिचा चेहरा काही खुलला नव्हता.

कैलासनं जीव लावून काम केलं. फुली वितळवली नाही, तिच्या फुलाला धक्का लावला नाही. खड्यांना आच लागू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलं, मागची झिजलेली दांडी काढली आणि तिथं नवी टोकदार काडी जोडली. मागच्या पकडीवर तर तीन दिवस घालवले. दोन्ही बाजूंनी एकदम दाबलं तरच उघडेल, नुसती ओढली तर आणखी घट्ट बसेल, अशी पकड. झाली तेव्हा तो स्वतःच खूश होऊन तिच्याकडं पाहत बसला. पुलगावातून उद्या सकाळच्या गाडीनं आकांक्षा निघणार होती. आज संध्याकाळी सहाला बापलेक पिन घ्यायला येणार होते. म्हणजे परीक्षेला आजची एकच सकाळ होती.

नवाच्या सुमारास टाय गळ्यात, पिन टायला आणि साहेब रोहण्याकडं. रस्त्यात चार वेळा खाली पाहिलं, पिन जागच्या जागी. रोहण्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी गोमाजी भेटला. गोमाजी गवंडी, कैलासच्या दुकानाची मागची भिंत त्यानंच बांधलेली. तेव्हापासून दोघांची दोस्ती. आज गोमाजी नवं धोतर, नवा सदरा, खांद्यावर नवा गुळगुळीत दुपट्टा, असा सजून उभा होता. पुतण्यासाठी, कुंदनसाठी, हिंगणीला मुलगी पाहायला निघाले होते. कुंदन मोटरसायकल घेऊन यायचा होता.

मुलगी पाहायला जाणारा माणूस आणि सल्ला द्यायला कैलास! मग काय विचारता. तिथं जाऊन आधी काय बोलायचं, शेतीचं कधी काढायचं, पोराची नोकरी कशी सांगायची, चहा किती प्यायचा, सगळं सांगून झालं. दोन चहा झाले. कुंदन आला, गोमाजी मागे बसला, धूळ उडवत गेले. कैलास समाधानानं स्कूटरवर बसला आणि पुलगावला परत आला. टाय उतरवून खिळ्याला टांगायला हात वर केला.

टायला पिन नव्हती.

आधी त्याला हसूच आलं. शर्टात पाहिलं, खिशात पाहिलं, स्कूटरच्या डिक्कीत पाहिलं. मग गादी झटकली. मग हसू गेलं. तीस वर्षांत त्याच्या हातून कोणाचा सोन्याचा कण गेला नव्हता, आणि आज गेली ती मेलेल्या बाईच्या नाकातली फुली! तीही सगळ्या जगाला ओरडून जबाबदारी घेतल्यावर!

स्कूटर वळवली आणि त्याच रस्त्यानं पुन्हा निघाला. या वेळी पायी-पायीच म्हणा ना. खड्डा आला की उतरायचं, खड्ड्यात वाकून पाहायचं, पुढं जायचं. खड्डे किती, विचारू नका! एक म्हातारा बैल हाकत चालला होता, तो थांबून म्हणाला, "काय हरपलं गा?" कैलासला सांगवेना. "काई नाई, चष्मा," म्हणाला. चष्मा नाकावरच होता. म्हाताऱ्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि बैल पुढं घेतले.

रोहण्याच्या टपरीखालची मातीसुद्धा त्यानं बोटांनी चाळली. नाही म्हणजे नाही. चारला तो दुकानात येऊन बसला तेव्हा गुडघे मातीनं भरले होते.

माणूस घाबरला की त्याचं डोकं वाईट दिशेनं फार चपळ चालतं. कैलासला आठवलं की अण्णाजींच्या जुन्या डबीत तसेच लाल खडे आहेत. डबी काढली. खडे तेच, आकार तोच, फुलाचा साचाही अण्णाजींच्या वेळचा, तसाच. दोन तासांत दुसरी फुली होईल. कोणाला कळणार? लक्ष्मणरावांना नाही, पोरीला तर नाहीच. त्यानं सोनं तापवायची बत्ती पेटवली. सोन्याचा पत्रा कापला. पहिला खडा बसवला, दुसरा बसवला, तिसरा चिमट्यात धरला आणि तसाच डबीत परत टाकला. ज्या माणसानं बायकोची वस्तू कागदात बांधून आपल्यासमोर विश्वासानं उघडली, त्याला आपण खोटी फुली देणार? आणि ती पोरगी आयुष्यभर तिला आई समजून छातीशी लावणार? कैलासला स्वतःचीच लाज वाटली. एवढी लाज त्याला आधी कधी वाटली नव्हती. त्यानं बत्ती विझवली आणि डोकं धरून बसला.

तेवढ्यात मंजुषा आली, त्याची बायको. बचत गटाच्या मीटिंगला निघाली होती, आणि जेवणाचा डबा सकाळपासून तसाच पडलाय हे कापडवाल्यानं तिला सांगितलं होतं.

"काऊन जेवले नाई? आन् हे काय, गुडघे पाहा! लहान पोरासारखे लोळले का कुठी?"

कैलासनं सगळं सांगितलं. बत्तीचंही सांगितलं. मंजुषा चिडली नाही, ओरडली नाही. त्याच्याशेजारी गादीवर टेकली.

"खोटी नाई देली ना? बस. मंग सांगून टाका त्याईले. शिव्या देतीन, देऊ द्या. तुमाले ऐकता येते, बोलता तं येतेच."

"पोरीले काय सांगू? माही जबाबदारी म्हनलं होतं वो मी!"

"हेच सांगा." ती उठली. मीटिंगला उशीर होत होता. खांद्यावरून घसरलेला पदर तिनं सारखा केला, ब्लाउजची सेफ्टी पिन काढली, पदरातून घातली आणि खट् करून लावली.

कैलास एकदम उठून उभा राहिला.

"गोमाजी!"

"काय गोमाजी?"

"आवं, त्याचा दुपट्टा! गुळगुळीत होता, सारखा खाली घसरून राह्यला होता! मी म्हटलं, थांब, पोरीवाल्याईसमोर असा दुपट्टा सावरत बसशीन काय? मीच लावली! त्याच्या खांद्यावर! ओढ म्हटलं आता, ओढून पाहा कशी पकडते ते! त्यानं ओढली, नाई निघाली, मी अजून फुशारलो, आन् मंग ते मुलीकडच्याचं बोलनं निघालं अन्..."

तुम्ही म्हणाल, असं कसं विसरतं माणूस? विसरतं हो. स्वतःचंच बोलणं ऐकण्यात रमलेला माणूस काहीही विसरतो. मंजुषा आधी डोळे फाडून पाहत राहिली आणि मग असं हसली की मीटिंगच विसरली. कैलासलाही रडावं की हसावं कळेना. पिन रस्त्यावर पडली नव्हती! खड्ड्यात नव्हती, ट्रकच्या चाकाखाली नव्हती! त्यानं अण्णाजींच्या फोटोला हात जोडले.

पण गोमाजीचा फोन लागेना. कुंदनचाही नाही. हिंगणी गाव बोर धरणाच्या बाजूला, जंगलाला लागून. तिथं फोनला रेंज मिळाली तर मिळाली. आणि दिवसभरात तो दुपट्टा किती वेळा झटकला गेला असेल, कुठं काढून ठेवला असेल, देव जाणे. सुटकेचा निःश्वास अर्धाच सुटला होता, तेवढ्यात सहा वाजले. लक्ष्मणराव आणि आकांक्षा दारात.

कैलासनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि एका दमात सगळं सांगितलं. रोहणा, दुपट्टा, खड्डे, डबीतले लाल खडे, विझवलेली बत्ती. काही लपवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बोलताना शब्द जड जात होते.

आकांक्षानं हातातली पिशवी मांडीवर ठेवली.

"म्हूनच म्हणत होती बाबा," ती हळूच म्हणाली. "कपाटात राह्यली असती तं बरं झालं असतं."

"चुकलं माह्यं, पोरी," कैलास म्हणाला.

"बत्ती विझवली म्हनता?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"हाव."

"तं मंग थांबू थोडं." एवढंच बोलून ते भिंतीला टेकून बसले. मंजुषानं चहा आणला, कोणी घेतला नाही. तास गेला असेल. बाजारात दिवे लागले. आणि दुकानासमोर मोटरसायकल येऊन थांबली, तिच्यावरून धुळीनं पांढरा झालेला गोमाजी उतरला. खांद्यावर दुपट्टा. दुपट्ट्यावर सात लाल खडे.

कैलासनं धावत जाऊन त्याला अशी मिठी मारली की गोमाजी ओरडला, "आगा, टोचते ना बाप्पा!"

"पडली नाई! गोमाजी, पडली नाई!"

"पडते कायची! दिवसभर माही इज्जत घेतली हिनं. तिथं गेलो, चहा आला, आन् पोरीची आजी माह्याकडं पाहून असी हासून राह्यली! म्हने, पाव्हणे, नाकातली फुली खांद्यावर काऊन घातली? आमच्याकडं नाई चालत हे फॅशन! सगळ्या बाया पदर तोंडाले लावून हासल्या. मले तं मालूमच नाई का तू लावली ते नाकातली फुली हाये म्हून. काढाले गेलो तं निघेना. कुंदननं ओढली, पोरीच्या बापानं ओढली, गावातल्या मास्तरनं ओढली. जेवढी ओढाव तेवढी घट्ट! मंग म्हटलं, कोनाची तरी अमानत दिसते, कैलासलेच देऊ. मुक्कामी राहा म्हणत होते, नाई राह्यलो. सिध्दा इकडं आलो."

"सोयरीक?" मंजुषानं विचारलं.

"जमली म्हणजे काय! आजीच म्हने, एवढा हासवनारा सासरा भेटला तं पोरगी सुखात राहीन."

कैलासच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. गोमाजीच्या खांद्याशी वाकून त्यानं दोन बोटांनी पकड दोन्ही बाजूंनी दाबली. खट्. फुली तळहातावर आली. धूळ फडक्यानं पुसली, साखळी जोडली आणि फुली आकांक्षासमोर धरली.

आकांक्षानं ती घेतली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग गोमाजीकडं पाहिलं.

"मास्तरनंही ओढली म्हनता?"

"पाय टेकवून ओढली, बाई. दुपट्टा फाटला असता, पण हे नाई."

तिला हसू फुटलं. दिवसभराचं, कदाचित आठ दिवसांचं, मोकळं हसू. पिशवीतून नवा टाय काढला, शर्टावर धरला, फुली त्यातून आरपार घातली आणि मागून पकड बसवली. "लावीन मी," ती म्हणाली. "रोज लावीन. आता कपाटात नाई ठेवत."

लक्ष्मणराव उठून पोरीसमोर आले. वाकून त्या सात खड्यांकडं पाहिलं. कैलासला वाटलं, आता हा माणूस रडतो. पण लक्ष्मणराव हसले.

"हे पोरी, तुही माय वर्ध्याच्या पुढं कधी रेल्वेत बसली नाई. दरसाल म्हणे, मले एकडाव लांबच्या गाडीत बसवा. मी म्हणे, कापूस निघू दे, मंग जाऊ. असं करत राहूनच गेलं." त्यांनी टायचं टोक बोटानं सरळ केलं. "उद्यापासून बिनतिकीट फिरन तुही माय. पाहून घेजो."

आकांक्षानं फुलीवर हात ठेवला.

"फिरू द्या की बाबा," ती म्हणाली. "मी हाये ना डब्यात. तिले कोण उतरवते!"